दोन डोकीं, एक शेपूट

दोन डोकीं व एकच शेपूट असलेला ट्राऊट माशाचा गर्भ पाहिला कीं प्रथम किळस येते. परंतु ग्लासगोचे जेम्स गेमिल यांनीं १९१२ सालीं माशांतील अशा विकृतींवर सबंध ग्रंथच लिहिला. आणि या विद्रूपतेलाही नियम आहे, हें ध्यानांत येऊं लागलें. बलकावरील बीजचकतीच्या कडेवर दोन देह समोरासमोर उगवले, तर ते केवळ बलकानेंच जोडलेले राहतात. जवळजवळ उगवले, तर धडें मागें एकरूप होऊन शेपूट एकच उरतें, आणि लगतचे दोन डोळेही कधीं एकमेकांत मिसळतात. पुढें १९२१ सालीं अमेरिकेंतील चार्ल्स स्टॉकार्ड यांनीं दाखविलें कीं, अगदीं आरंभीं थंडीनें वा प्राणवायूच्या कमतरतेनें वाढ खुंटली, तर निकोप अंड्यांतूनही असे जोडगर्भ निपजतात. तीच अडचण उशिरां आली, तर निपजत नाहींत.

अजूनही आमच्या कांहीं घरांतून व्यंग असलेलें मूल जन्मलें, कीं आईनें ग्रहणांत काय चिरलें याची चौकशी होते. मासा आणि माणूस एक नव्हेत, हें आम्ही जाणतों. पण त्या माशाच्या आईकडून कोणतें ग्रहण पाळावयाचें राहिलें होतें? बाळंतिणीस दोष देण्यापूर्वीं आम्हीं निदान एवढें तरी स्वतःस विचारावें.