स्टेट कॉलेजात काचेचं रबर शोधताना

अमेरिकेत पेन्सिल्वेनिया राज्यात स्टेट कॉलेज नावाचं गाव आहे. माझी मुलगी तिथे राहते. १८५५ साली शेतकीची शाळा निघाली, तिचंच पुढे पेन स्टेट विद्यापीठ झालं आणि त्याच्या भोवती गाव वाढलं. वस्ती चाळीस हजारांच्या आसपास, पण फुटबॉलच्या मैदानात एक लाखाहून जास्त माणसं बसतात! मुलांनो, हे खोटं वाटेल, पण मी ते मैदान पाहिलं आहे.

मी ऑक्टोबरात गेले तेव्हा घरात जुन्या गाडीवरून बोलणं चाललं होतं. गाडी १९९७ची, आमच्या जावयांची. ते गेल्यापासून नात चालवते. पाऊस आला की पायाखालचं कार्पेट ओलं, आणि आत कुबट वास. मुलगी म्हणे, "आई, भंगारात देऊन टाकू." नात गप्प. बर्फ पडायच्या आत काय ते ठरवायचं होतं.

गॅरेजवाल्याने दार खोलून दाखवलं. एक रबर दाराच्या कडेने, दुसरं काच वरखाली सरकते त्या खाचेत, आणि काचेच्या तळाशी आतबाहेर दोन पट्ट्या. थोडं पाणी दाराच्या पोटात उतरणारच. ते जायला खाली भोकं असतात. ह्या गाडीची बाहेरची पट्टी कडक होऊन काचेपासून सुटली होती आणि भोकं पानांनी बुजलेली. ड्रेन तुंबला की आत साठणारच, हे नर्सला काय सांगायचं! भोकं तारेने साफ केली.

बाहेरच्या पट्ट्या दुकानात नव्या मिळाल्या, पण खाचेतलं रबर येणं बंद झालेलं. मग पेन्स व्हॅलीकडे भंगारवाल्याकडे निघालो. दोन्ही बाजूंना डोंगर, मक्याची शेतं, रस्त्यावर आमिश लोकांच्या घोडागाड्या. त्यांना ही कटकटच नाही, असं मनात आलं.

भंगारात तशाच दोन गाड्या होत्या. उन्हातल्या गाडीचं रबर वाकवलं तर भेगा दिसल्या. शेडखालच्या गाडीचं मऊ निघालं, पण तीनच दारांचं. चौथं दार आधीच कोणीतरी नेलेलं. आमच्या हॉस्पिटलात रबरी चादरी, ज्यांना आम्ही मॅकिनटॉश म्हणायचो, कधी घडी घालून ठेवत नसू. घडीवरच रबर तडकतं. पावडर लावून गुंडाळायच्या. म्हणून मी ती पट्टी दुमडू दिली नाही, मोठी गुंडाळी करून मांडीवर घेऊन बसले. भंगारवाला हसला, हसू दे.

बसवताना साबणाचं पाणी लावलं. पट्टी ताणायची नाही. ताणली तर मागाहून आखडते आणि कोपऱ्यात फट पडते. थंडीत काच चिकटू नये म्हणून सिलिकॉनचं ग्रीस लावलं. साधं तेल लावू नये, रबर फुगतं.

मग नात आत बसली आणि मी बागेच्या नळीने चांगली दहा मिनिटं पाणी मारलं. कार्पेट कोरडं! मुलीने स्वतः हात फिरवून पाहिला. भंगाराचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

मागच्या डाव्या दाराचं रबर अजून मिळालेलं नाही. ती काच खाली करायची नाही, असं नातीने कागदावर लिहून दाराला आतून चिकटवलं आहे.