टायरला दात किती असावेत?

पावसाळ्यात मुरुडला जातोय म्हटलं की ऑफिसात दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, ‘जंजिरा बंद असतो ना रे आता?’ दुसरा, ‘मग तिथे जाऊन करणार काय?’ दोन्ही बरोबरच आहेत. राजापुरीच्या धक्क्यावरच्या शिडाच्या होड्या पावसाळ्यात किनाऱ्याला लागलेल्या असतात, आणि जंजिऱ्याकडे लांबूनच बघावं लागतं. पण तिसरा प्रश्न कुणीच विचारत नाही. टायर कुठले आहेत?

मला विचारला असता तर मी मोठ्या अभिमानाने उत्तर दिलं असतं. जिम्नी घेऊन वर्ष झालं होतं. कंपनीने दिलेले टायर म्हणजे १९५/८० आर १५, साधे, गुणी, हायवेवर चालणारे. (१९५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे रुंदीच्या ८० टक्के उंचीची बाजू, १५ म्हणजे रिमचे इंच. हे गणित कळलं त्या दिवशी मी दिवसभर पार्किंगमधल्या गाड्यांचे टायर वाचत फिरत होतो.) पण साध्या टायरवर जिम्नी कशी दिसते? बूट न घालता स्लीपरवर ट्रेकला निघालेल्या माणसासारखी! मला २१५/७५चे मड-टेरेन हवे होते. मोठे ठोकळे, मध्ये बोटभर खाचा, फोटोत एकदम राकट.

त्याआधी एक दिवस मी स्नोफ्लेकवालेही बघितले होते. काही ऑल-टेरेन टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असते. सेल्समन म्हणाला, ‘सर, हे विंटरला पण चालतात.’ म्हणून मी श्टुटगार्टच्या मामेभावाला फोन केला. त्याच्याकडे टायरचे दोन सेट आहेत. ऑक्टोबर ते ईस्टर थंडीचे, बाकीचे महिने उन्हाळ्याचे. थंडीच्या टायरचं रबर मऊ असतं, तापमान सात अंशांखाली गेलं की साधं रबर कडक होतं आणि पकड सोडतं, हे सगळं त्याने शांतपणे सांगितलं. मग विचारलं, ‘तू कुठे जाणार आहेस?’

‘मुरुडला.’

पलीकडे बराच वेळ हसण्याचा आवाज. मग म्हणाला, ‘अरे, तुमचा विंटर जूनमध्ये असतो. त्याचे टायर घे ना.’

मी तो विनोद समजलो, आणि ठाण्यातल्या एका मोठ्या दुकानातून डिस्काउंटमध्ये मड-टेरेन बसवून घेतले.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात निघालो. मी, बायको, मागे आई. पेणपर्यंत टायरची घूंऽऽ घूंऽऽ ऐकत गेलो. आईने दोनदा विचारलं, ‘विमानाचा आवाज कुठून येतोय?’ वडखळ, अलिबाग, मग रेवदंड्याचा पूल. कुंडलिका ओलांडून साळावला उतरलात की मुंबईचा रस्ता संपतो आणि मुरुडचा सुरू होतो, असं माझं मत आहे. कोर्लई (इथल्या ख्रिस्ती वाडीत आजही पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात), बोर्ली, काशीद. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला फणसाडच्या जंगलाकडे चढत गेलेले डोंगर. २०२०च्या ३ जूनला निसर्ग वादळाने या पट्ट्यातली सुरूची झाडं आणि सुपारीच्या बागा आडव्या केल्या. त्याच्या पुढच्याच वर्षी, जुलैमध्ये, काशीदजवळचा जुना पूल पावसात कोसळला आणि त्यात एकाचा जीव गेला. म्हणजे हा रस्ता फोटोत दिसतो तेवढा रोमॅण्टिक नाही.

या रस्त्याचा खरा गुण (किंवा अवगुण) म्हणजे त्याचं अंग. पाऊस पडला की डोंगराची तांबडी माती पाण्याबरोबर डांबरावर येते. चिखल नाही, नुसता थर. साय धरल्यासारखा. त्यावर झाडांची ओली पानं. वरून दिसत काहीच नाही.

काशीद सोडून नांदगावकडे जाताना एका वळणापलीकडे गाई बसल्या होत्या. रस्त्याच्या मधोमध, रवंथ करत. कोकणातल्या गाईंना पावसात डांबरच कोरडं वाटतं बहुतेक. वेग पन्नासच्या आसपास. मी ब्रेक दाबला. पेडल पायाखाली टकटक थरथरलं, म्हणजे एबीएस त्याचं काम करत होतं. गाडी मात्र थांबेना. वळली नाही, फिरली नाही, नुसती पुढे जात राहिली, जणू तिचा आणि ब्रेकचा संबंधच नव्हता. बायकोने डॅशबोर्ड धरला. थांबलो तेव्हा पहिली गाय बॉनेटच्या पुढे हातभर होती. तिने मान वळवून बघितलं, कान हलवला, परत रवंथ सुरू.

आई मुरुड येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. नवाबाचा राजवाडा दिसला, खाली समुद्र दिसला, तरी नाही. एरवी ती नांदगावच्या सिद्धिविनायकाला थांब म्हणाली असती.

हवा तपासायला म्हणून संध्याकाळी एका पंक्चरवाल्या चाचांकडे गेलो. साठीचे असावेत. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, ‘दादा, एवढे दात कशाला लावलेत? नांगरायचं आहे काय?’

मी गाईंचा किस्सा सांगितला. ते खाली वाकले आणि टायरच्या बाजूवर अंगठा फिरवत चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. माझे ‘नवे’ टायर चार वर्षं गोदामात बसून आलेले होते. डिस्काउंट कशाचा होता ते तेव्हा कळलं! चार वर्षं पडून टायर लगेच बाद होतो असं नाही, पण रबर वयाबरोबर कडक होत जातं, आणि नव्याचे पैसे दिले तर नवाच मिळायला हवा ना? वर मी त्यात ३५ची हवा ठोकली होती. दरवाजाच्या चौकटीवर कंपनीने हवेचं स्टिकर लावलेलं असतं, ते मी आजवर वाचलंच नव्हतं.

मग चाचांनी जे सांगितलं ते मला एकाही शोरूममध्ये कुणी सांगितलं नव्हतं. मोठ्या ठोकळ्यांचा टायर खोल चिखलात कमाल करतो, कारण खाचांमधून चिखल बाहेर फेकला जातो. पण ओल्या डांबरावर खोल चिखल असतो कुठे? तिथे रबर रस्त्याला किती चिकटतं त्याला महत्त्व. ठोकळ्यांमध्ये मोकळी जागा जास्त म्हणजे रस्त्याला लागणारं रबर कमी. ऑल-टेरेनच्या ठोकळ्यांवर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक चिरा असतात. त्या पाण्याचा पातळ पापुद्रा फोडतात. ‘पावसात चिरा बघायच्या, दात नाही,’ चाचा म्हणाले आणि हवा कमी करून दहा रुपये घेतले.

तिथून किनाऱ्यावर गेलो, तर गर्दी! एक मोठी, उंच केलेली गाडी ओल्या वाळूत अर्धी चाकं रुतवून उभी. टायर माझ्यापेक्षा भारी. चार मुलं, सगळी आमच्याच वयाची, आणि ॲक्सिलरेटरवर पाय. जितका पाय दाबतील तितकी गाडी खाली. वाळूत टायरची हवा पंधरा-अठरापर्यंत उतरवायची असते, म्हणजे टायर पसरतो आणि वर तरंगतो. नंतर परत भरायची. पण ते शहाणपण सांगायची ती वेळ नव्हती. नारळपाणीवाल्या काकू म्हणाल्या, ‘आज द्वादशी. नवाला भरती.’ मी बघतच राहिलो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. बारा गुणिले पाऊण, नऊ. घड्याळात साडेसहा वाजले होते आणि प्रत्येक लाट आधीच्यापेक्षा जरा वर येत होती.

शेवटी गावातला ट्रॅक्टर आला. मागचं चाक पाण्यात बुडायच्या आत गाडी निघाली. अशा गाड्या रुतल्याच्या आणि मालकांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या रायगडात दर सीझनला येतात, तरी हौस संपत नाही. खरं सांगायचं तर, सकाळी त्या गाई भेटल्या नसत्या तर त्या मुलांच्या शेजारी मीही असतो. रायगडच्या किनाऱ्यांवर समुद्री कासवं अंडी घालायला येतात, तिथे चाकं फिरवणं मुळात चूकच. आणि मुरुडच्या पाण्याशी मस्ती तर नकोच. २०१६च्या १ फेब्रुवारीला पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी इथेच बुडाले. रात्री खानावळीत सुरमई खाताना त्या चार मुलांपैकी एक जण शेजारच्या टेबलावर मोबाइलवर घरी सांगत होता, ‘काही नाही गं, फिरतोय.’

दुसऱ्या दिवशी परतीचा रस्ता चाळीसच्या वर न जाता काढला. मागच्या एसटीने सारखा हॉर्न मारला. मारू दे.

पुढच्या शनिवारी मड-टेरेन निम्म्या किमतीत विकले. घेणाऱ्याला चार आकडे आधी दाखवले. तो म्हणाला, त्याला शेतावरच न्यायचे आहेत. मग ऑल-टेरेन घेतले, कंपनीच्याच मापाचे, भरपूर चिरांचे, दोन महिन्यांपूर्वी बनलेले. सेल्समनने टायर गाडीजवळ आणल्यावर मी आधी गुडघ्यावर बसून तारीख वाचली. तो जरा नाराज दिसला. ऑफिसात कुणी म्हणालं, ‘गाडीचा लूक गेला रे.’ गेला, मान्य आहे.

ऑगस्टमध्ये परत त्याच रस्त्याने गेलो. पाऊस तोच, माती तीच, आणि त्याच वळणावर गाई. यावेळी मी वळणाआधीच वेग उतरवला होता. तरी ब्रेक लावला तेव्हा टायरने रस्ता धरलेला सीटमध्ये जाणवला. आई मागून म्हणाली, ‘आज ते विमान नाही आलं आपल्याबरोबर?’ आणि पुढे, नांदगावच्या सिद्धिविनायकाला थांब म्हणाली.