आधी त्याच्या घरी

रविवार, शरणपूर.

उपासनेनंतर चहा पिताना मंडळीतल्या एकाच्या दारूचा विषय निघाला. ‘प्रार्थनेसाठी सांगतेय हो,’ म्हणत बशीत चहा ओतता ओतता त्याची लक्तरं वेशीवर टांगली गेली. तो मात्र हल्ली देवळात फिरकत नाही. कसा फिरकेल?

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात क्रम स्पष्ट आहे: आधी एकट्याने जाऊन बोला, मग एकदोघांना सोबत न्या, मंडळीपुढे सगळ्यात शेवटी. आपण नेमके उलटे चालतो. पंडिता रमाबाईंनी मात्र केडगावला समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायकांसाठी कृपासदन काढलं. नुसता उपदेश नाही, डोक्यावर छप्पर दिलं.

पापाला पाप म्हणावंच. पण त्या माणसासमोर बसून. व्यसनमुक्तीच्या डॉक्टरकडेही सोबत जावं. पुढच्या रविवारी त्याची चौकशी करू नका, शनिवारीच त्याच्या घरी जा.