जाकीट उलटं करून बघा

माझ्या टेबलावर येणारी जाकिटं रस्त्यावर पडून आलेली असतात. कोपराला भोक, खांद्यावर घासून चकचकीत झालेला काळा पट्टा, काखेत उसवलेली बाही. नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांमागे बसून मी हीच शिवत आलो आहे. त्यामुळे नवं रायडिंग जाकीट घ्यायच्या आधी मुलं मला फोन करतात. प्रश्न ठरलेला असतो: "काका, पाच हजारांचं घेऊ की पंधरा हजारांचं?" मी सांगतो, दुकानातच उभा राहा, जाकीट उलटं कर आणि आतली शिवण बघ. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे.

पडल्यावर कापड सहसा नंतर फाटतं, आधी शिवण सुटते. कापड सलग असेल तर ते अंगावर राहून स्वतः झिजत जातं. शिवण उघडली की कातडी आणि डांबर यांच्यामध्ये काहीच उरत नाही. म्हणून बाही खांद्याला जिथे जोडलेली असते तिथे बघायचं. एकच टाका असेल आणि तोही बाहेरून दिसत असेल, तर जमिनीला पहिला लागणार तो दोराच. चांगल्या जाकिटाला तिथे निदान दोन ओळी असतात आणि त्यातली एक आत दडलेली असते. वरची झिजली तरी आतली धरून ठेवते. मग माया बघायची. शिवणीपलीकडे कापड जेमतेम ठेवलं असेल तर झटका बसताच धागे टाक्यातून निसटतात. दोरा शाबूत आणि कापड मोकळं, अशी जाकिटं माझ्याकडे पुष्कळ येतात. त्यांना पॅच लावण्यावाचून इलाज नसतो.

गंमत अशी की दुसरी ओळ मारायला आणि थोडी जास्त माया ठेवायला कारखान्याला फारसा खर्च येत नाही. पाच हजारांच्या जाकिटातही ती सापडते, आणि पंधरा हजारांच्या जाकिटात कधीकधी नसते. वरचे पैसे बऱ्याचदा पाणी अडवणाऱ्या अस्तराचे, चेनचे, रंगांचे आणि छातीवरच्या नावाचे असतात. त्यांना नावं ठेवायची नाहीत, पण आपण कशाचे पैसे देतोय हे कळायला हवं. पावसाच्या अस्तराचे तर मी देऊच नका म्हणतो. ताम्हिणीच्या पावसात वरचं कापड भिजून जाकीट जड होतंच. त्यापेक्षा बाजारातला साधा रेनकोट वरून चढवावा आणि उरलेले पैसे दुसरीकडे लावावेत.

कुठे लावावेत, याचं उत्तर केंब्रिजच्या रॉडरिक वुड्स यांनी बरंच आधी देऊन ठेवलं आहे. पडलेल्या चालकांच्या कपड्यांवर मार नेमका कुठे बसतो, याचा त्यांनी अभ्यास केला. कपड्याचे भाग पाडून प्रत्येक भागाला वेगळी कसोटी लावायची पद्धत त्यातून आली. ईएन १३५९५ या युरोपीय मानकात खांदा, कोपर, नितंब आणि गुडघा इथलं कापड फिरत्या खरखरीत पट्ट्यावर पहिल्या पातळीला ४ सेकंद आणि दुसऱ्या पातळीला ७ सेकंद टिकावं लागे. छाती-पोटाला एवढी सक्ती नव्हती. माझ्या टेबलावरचा अनुभवही तोच: भोकं ठरलेल्या जागीच पडतात. त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात छातीला जाळी असलेलं जाकीट खुशाल घ्यावं, फक्त खांद्याला आणि कोपराला जाळी नको.

हल्ली ईएन १७०९२ हे मानक चालतं. त्यात जाकिटाला एएए, एए, ए अशा श्रेणी आहेत आणि ती श्रेणी आतल्या लेबलवर छापलेली असते. इथे एक गोम आहे. बाहेर लटकणाऱ्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत "सीई" लिहिलेलं असतं, पण ते पुष्कळदा फक्त कोपरा-खांद्यातल्या आर्मरपुरतं असतं, जाकिटाची चाचणी झालेलीच नसते. पाठीच्या खिशात तर बहुतेक वेळा नुसता स्पंज निघतो. मी तो काढून गिऱ्हाइकाच्या हातात देतो आणि दाबायला सांगतो. बोटं एकमेकांना लागतात. त्याच खिशात बसणारं दुसऱ्या पातळीचं पाठीचं आर्मर वेगळं विकत मिळतं, आणि नवं जाकीट घेण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

याहून स्वस्त काम एकच, बाही आवळणं. पुण्यात लोक जाकीट एक माप मोठं घेतात, आत स्वेटर बसावा म्हणून. मग पडताना बाही फिरते, आर्मर दंडावर जातं आणि कोपर उघडं पडतं. ऑस्ट्रेलियात लिझ डी रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पडलेल्या चालकांची पाहणी केली, ती २०११ साली प्रसिद्ध झाली. आर्मर असलेले कपडे घातलेल्यांना दुखापत कमी झाली होती, पण अपघातात जवळपास ३० टक्के जाकिटं निकामी ठरली होती. म्हणजे अंगावर काहीतरी आहे एवढ्यावर विसंबायचं नाही. ते जागच्या जागी राहायला हवं, आणि त्यासाठी कधीकधी दोनशे-तीनशे रुपयांची शिलाई पुरते.

हेल्मेट मात्र मी शिवत नाही, सांधतही नाही. "पट्टा तेवढा लावून द्या" म्हणत लोक येतात, मी परत पाठवतो. पट्टा, रिबिट आणि कवच यांची ओढ एकत्र तपासलेली असते, माझ्या टाक्याची तपासणी कोणी केली आहे? आतलं थर्माकोलही एकदाच कामाला येतं. मखरं कोरलेल्यांना ठाऊक आहे, अंगठा रुतला की खड्डा तसाच राहतो. म्हणून जाकीट जुनं घ्यायला हरकत नाही, हेल्मेट कधीही जुनं घेऊ नये. हायवेच्या कडेला दोरीवर टांगलेल्या हेल्मेटांत तर काहींच्या आत थर्माकोलच नसतं, अस्तराखाली थेट प्लास्टिक लागतं. १ जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं हेल्मेट विकणं बेकायदा आहे, तरी ती टांगलेली दिसतातच. आमच्या पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध कृती समित्या निघाल्या, तिथे दोरीवरच्या हेल्मेटाची कोण फिकीर करणार!

पूर्ण चेहरा झाकणारं, आयएसआय असलेलं हेल्मेट दीड-दोन हजारांत मिळतं. सहा-सात हजारांत ईसीई २२.०६ ची चाचणी झालेलं मिळतं. त्या चाचणीत तिरका मारही धरला आहे, म्हणून ते पैसे मला पटतात. त्यापुढचे पैसे हलकेपणाचे, वाऱ्याचे आणि शांततेचे. ज्यांना परवडतं त्यांनी द्यावेत. पण बारा हजारांचं एकच हेल्मेट घेऊन येणाऱ्याला मी विचारतो, मागे कोण बसतं? सरकारी आकड्यांनुसार २०२२ साली हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण दुचाकीवर दगावले, त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. नवऱ्याच्या डोक्यावर इटालियन हेल्मेट आणि बायकोच्या डोक्यावर ओढणी, असं दृश्य दर रविवारी लोणावळ्याच्या रस्त्यावर दिसतं. बारा हजारांत दोघांची डोकी चांगली झाकली जातात.

हा हिशेब ज्यांच्यासाठी खरा अवघड आहे, ते लोणावळ्याला जाणारे नव्हेत. दिवसभर जेवणाचे डबे पोचवणारी मुलं येतात. रस्त्यावर सगळ्यात जास्त वेळ तीच असतात आणि गिअर सगळ्यात कमी त्यांच्याकडे. त्यांना जाकिटाचं नाव मी काढत नाही. आधी हेल्मेट, मग हातमोजे, मग घोटा झाकणारे बूट, हा क्रम सांगतो. हातमोजे दुसरे, कारण माणूस पडताना हातच आधी टेकतो. तळहात डांबरावर अडकला की मनगटातलं स्कॅफॉइड हाड मोडतं. त्याला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ते भरायला महिनोन् महिने लागतात, आणि तेवढे महिने या मुलांची कमाई बंद.

परवा त्यातल्याच एकाने सहाशे रुपयांचे मोजे आणले. बोटं ठीक होती, पण तळहाताच्या टाचेवर नुसतं पातळ रेक्झिन होतं. मी जुन्या जाकिटाच्या बाहीतून गाईच्या चामड्याचा तुकडा काढला, मनगटाकडून करंगळीच्या बाजूपर्यंत बसेल असा कापला, कडा तासून पातळ केल्या आणि दोन ओळी मारल्या, आतली आधी आणि बाहेरची नंतर. त्याने मूठ वळून बघितली. "ब्रेकला जड जातंय काका." मग अंगठ्याच्या मुळाशी थोडं कापून दिलं. पैसे विचारले तेव्हा ऐंशी सांगितले, त्याने साठ दिले आणि पुढच्या आठवड्यात मित्राचे मोजे आणतो म्हणाला.