ब्रुसेलोसिस: कालवडीला लस आहे, मग माणसाला का नाही?

दोन-तीन आठवडे चढउतार करणारा ताप, रात्री दरदरून घाम, कंबर आणि सांधे धरलेले. असा रुग्ण आला की मी हमखास विचारतो, "घरी जनावरं आहेत का? एखादी गाय-म्हैस गाभडली होती का?" उत्तर 'हो' आलं, तर ब्रुसेलोसिसची तपासणी करायला सांगतो. गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हाताने काढणं आणि कच्चं दूध पिणं, हे या आजाराचे नेहमीचे मार्ग. उपचार आहेत, पण दोन प्रतिजैविकं किमान सहा आठवडे घ्यावी लागतात. तरीही काहींचा आजार उलटतो.

मग रुग्ण विचारतो, "डॉक्टर, कालवडीला लस टोचतात, आम्हाला का नाही?"

प्रश्न रास्त आहे. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना दिली जाणारी 'एस-१९' ही लस म्हणजे जिवंत, पण दुबळे जंतू. गाभण गाईला ती टोचली तर गाय गाभडू शकते. टोचताना सुई हातात घुसली तर पशुवैद्यकालाही आजार होऊ शकतो. अशी लस माणसाला देता येत नाही.

म्हणून अख्ख्या जंतूऐवजी त्याची निवडक प्रथिनं वापरण्याचे प्रयत्न चालू आहेत. नुसतं प्रथिन शरीरात वाढत नाही, त्यामुळे त्यातून ब्रुसेलोसिस होत नाही. २००२ मध्ये ब्रुसेला मेलिटेन्सिस या जंतूचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ३२०० जनुकं आढळली. त्यातून जंतूच्या बाह्य आवरणावरची, वेगवेगळ्या ब्रुसेला जातींत सारखी असणारी आणि माणसाच्या प्रथिनांशी न जुळणारी प्रथिनं संगणकावर निवडतात व मग उंदरांवर तपासतात. 'ओएमपी-२५', 'ओएमपी-३१' ही त्यांतली अभ्यासलेली नावं.

अडचण वेगळीच आहे. हा जंतू आपल्याच भक्षक पेशींत लपून वाढतो आणि रक्तातली प्रतिपिंडं तिथे पोचत नाहीत. त्यासाठी टी-पेशी जाग्या व्हाव्या लागतात, आणि एकटं शुद्ध प्रथिन हे काम नीट करत नाही. म्हणून अनेक प्रथिनं एकत्र करून, सोबत प्रतिकारशक्ती चेतवणारं द्रव्य देऊन पाहतात. उंदरांत काही प्रमाणात संरक्षण मिळालं आहे. माणसांना सरसकट देता येईल अशी लस मात्र अजून नाही.

तोवर कालवडींना वेळेत लस द्या, वार काढताना हातमोजे घाला आणि दूध उकळूनच प्या.