खेळाला आजीची परवानगी



दशलक्षण पर्वात मी काही लिहीत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. एकाशन, सकाळची पूजा, दुपारी तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय, संध्याकाळी आरती, यातच दिवस सरतो. पण यंदा पर्वातच घरात एक गोष्ट सुरू झाली आणि क्षमावाणीच्या दिवशी ती संपली, म्हणून आता लिहिते. विषय वाचून हसाल. संगणकावरचा एक खेळ उघडत नव्हता, त्याची ही हकीकत.

नातू आठवीत आहे. गणपतीची सुट्टी आणि मधला शनिवार-रविवार धरून तो नऊ दिवस राहायला आला होता. आमच्या मधल्या खोलीत संगणक आहे. मंदिराच्या महिला मंडळाची वर्गणी, भोजनशाळेचा किराणा, सगळा हिशेब मी त्यावरच ठेवते. मागच्या मे महिन्यात नातवाने चुकून हिशेबाची एक फाईल पुसली होती. तेव्हापासून संगणकावर दोन खाती केली आहेत. माझं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं, पासवर्ड लावलेलं. त्याचं साधं. मुलगा म्हणाला, "आई, घरातच एवढं कडक कशाला?" मी म्हटलं, "व्हाउचर लिहिणाऱ्यानेच चेकवर सही करायची नसते. ऑडिटिंगच्या पेपरला हे शिकले, ते अजून विसरले नाही."

आल्या दिवशीच नातवाने त्याचा आवडता खेळ उघडला. जुना आहे. राज्य वसवायचं, माणसं कामाला लावायची, धान्य-लाकूड साठवायचं, मग शेजारच्या राज्याशी लढायचं. मुलानेच तो मागे कधीतरी घालून दिला होता. उघडायला गेलं की पडदा अंधारायचा आणि मधोमध चौकट यायची, या अ‍ॅपला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे का, आणि खाली माझ्या खात्याचा पासवर्ड. मग हाक, "आजी, ये ना!"

मी जायची, पासवर्ड घालायची, 'हो' दाबायची आणि परत यायची. दिवसातून तीन-चार वेळा. तिसऱ्या दिवशी मी सामायिकाला बसले होते. हाक आली, गेले नाही. पण खरं सांगते, त्या अठ्ठेचाळीस मिनिटांतली निम्मी माझी त्या चौकटीपाशीच गेली.

"आजी, मला पासवर्ड सांगून टाक, नाहीतर मलाच अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कर," तो म्हणाला. मुलाला फोन केला, तर तो म्हणाला, विचारणंच बंद करून टाक, सेटिंगमध्ये एक पट्टी आहे ती खाली ओढायची. मला दोन्ही पटेना. दाराची कडी सारखी काढावी लागते म्हणून कोणी दारच काढून ठेवतं का? आधी समजून घ्यावं की हा खेळ परवानगी मागतो कशाला.

चौथ्या दिवशी वाचन आटोपल्यावर बसले. तुमच्या घरीही नातवंडं असतील, म्हणून जरा सविस्तर सांगते. विंडोजमध्ये 'प्रोग्राम फाईल्स' नावाचा फोल्डर असतो. प्रोग्राम तिथे राहतात आणि साध्या खात्याला तिथे वाचता येतं, लिहिता येत नाही. मंदिराच्या गाभाऱ्यासारखंच म्हणा, दर्शन सगळ्यांना, आत जायचं तर सोवळं पाहिजे. 2007 साली व्हिस्टा आलं, तेव्हापासून विंडोज असं थांबवून विचारायला लागलं. त्याआधी घरोघरी सगळे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणूनच वावरायचे, त्यामुळे त्या काळचे खेळ आपला अर्धवट डाव खुशाल स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवायचे. आमचा खेळ त्याच वळणाचा. नातवाच्या खात्यातून त्याला तिथे लिहिता येईना, म्हणून तो बंद पडायचा. त्यावर मुलाने उपाय केला होता तो असा की खेळाच्या चिन्हावर राईट क्लिक करून 'प्रॉपर्टीज', त्यात 'कंपॅटिबिलिटी', आणि तिथे 'हा प्रोग्राम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' यावर टिक. मुलगा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होता, त्याला नुसतं 'हो' म्हणायला लागायचं. साध्या खात्याला मात्र त्याच टिकमुळे दरवेळी माझा पासवर्ड लागायचा. आजारापेक्षा औषध जड, तसं झालं होतं.

आधी ती टिक काढली. खाली 'सर्व वापरकर्त्यांसाठी सेटिंग बदला' असं बटण आहे, त्याच्या आत ती होती. नातवाच्या खात्यातून खेळ उघडला. पासवर्ड विचारला नाही, पण पडदा काळा होऊन खेळ मिटला. हे अपेक्षितच होतं, लिहायला जागा कुठे होती? मग खेळ काढून टाकला आणि पुन्हा घालताना जागा बदलली. डी ड्राइव्हवर 'खेळ' नावाचा फोल्डर केला आणि त्यात घातला. त्या फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'सिक्युरिटी'त जाऊन नातवाच्या खात्यापुढे 'मॉडिफाय'वर टिक केली. म्हणजे एवढ्या एका खोलीत तू हवं ते मांड, बाकी घराला हात लावायचा नाही. जुने डाव आधीच दुसरीकडे उतरवून घेतले होते, ते परत ठेवले. खेळ उघडला, पासवर्ड नाही, चौकट नाही. नातवाने मला मिठी मारली. दोन तास गेले, पण ताळेबंद जुळल्यावर वाटतं ना, तसं वाटलं. (काही खेळांच्या आतच परवानगीची अट लिहिलेली असते, ते फोल्डर बदलूनही विचारतातच. आमचा सुटला.)

इथवर सगळं छान होतं. सहाव्या दिवशी सहावा अध्याय होता, आस्रवाचा. त्यात माळेच्या 108 मण्यांचा हिशेब येतो. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन-वचन-काय हे तीन. कृत, कारित, अनुमत हे तीन. आणि चार कषाय. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार. इतकी वर्षं मी हा गुणाकार मुलींना पाठशाळेत शिकवते. त्या दिवशी 'अनुमत'पाशी माझं बोट मण्यावर थांबलं. इतके दिवस मी 'हो' दाबत होते आणि कशाला 'हो' म्हणते आहे ते एकदाही पाहिलं नव्हतं. आणि आता तर कायमचं 'हो' म्हणून मोकळी झाले होते.

संध्याकाळी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. दिसायला सुंदर आहे खेळ. झाडं, नदी, छोटी छोटी घरं. मग त्याची माणसं भाले घेऊन हरणांच्या मागे लागली. एक हरीण पडलं आणि कोपऱ्यात अन्नाचा आकडा वाढत गेला.

"हे काय रे?"

"आजी, ते खरं हरीण नाहीये. नुसतं चित्र आहे."

यशोधर राजाची गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आईने बळी द्यायचा हट्ट धरला, राजाला जीव मारायचा नव्हता, म्हणून पिठाचा कोंबडा केला. तोही खरा नव्हता. तरी दोघांना किती जन्म फिरावं लागलं. मी ही गोष्ट त्याला सांगितली. लहानपणी ऐकली होती त्याने, पण आता तो आठवीत आहे. म्हणाला, "पण आजी, राजाच्या मनात मारायचं होतं. माझ्या मनात फक्त अन्न पन्नास करायचं होतं." यावर मला चटकन उत्तर सुचलं नाही. अजूनही पूर्ण सुचलेलं नाही. लढाईच्या गोष्टी आपल्या पुराणांतही आहेत, भरत-बाहुबलींचं युद्ध मीच त्याला रंगवून सांगितलं आहे. पण तिथे दोघा भावांनी सैन्य बाजूला ठेवलं, हेही मीच सांगितलं आहे.

मी खेळ बंद करायला सांगितला नाही. एवढंच विचारलं, हरणं न मारता नाही का चालत? तो म्हणाला, "झुडपांची फळं आहेत. शेती पण करता येते, पण वेळ लागतो." दुसऱ्या दिवशी त्याने फळं आणि शेतीवर डाव मांडला आणि सपाटून हरला. पुन्हा मांडला, पुन्हा हरला. तिसऱ्यांदा बराच वेळ टिकला. लढाई होतीच शेवटी, त्याचं मी काही करू शकले नाही. पण मी शेजारी बसून लाडू वळता वळता शेतं मोजत होते, हेही खरं. दशमी उलटल्यावर तो पुण्याला गेला.

क्षमावाणीला सकाळीच त्याचा फोन आला. "उत्तम क्षमा, आजी." आवाज जरा खाली होता. मग म्हणाला, "तू पासवर्ड घालायचीस ना, तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी बघून ठेवला होता. तू दुपारी आडवी झालीस तेव्हा एकदा घातला. एकदाच. नंतर नाही घातला."

मंदिराची पायरी चढताना मी निःसही निःसही म्हणते, ते त्याला मीच शिकवलं. आत पाऊल टाकण्याआधी विचारायचं. मला राग आला नाही असं नाही, पण तो कळण्याआधीच तो क्षमा मागून बसला होता. मीही मागितली. म्हटलं, मी न बघता 'हो' म्हणत राहिले, त्याबद्दल मलाही क्षमा कर. तो हसला. "आजी, माझा फोल्डर पुसू नकोस हं. तिसरा डाव तिथेच आहे."

फोल्डर पुसलेला नाही. संध्याकाळी आरतीहून आल्यावर संगणक लावला, मंडळाच्या वर्गणीच्या दोन नोंदी केल्या, आणि पासवर्ड बदलला.