सपाट जागेचा हट्ट

हॅमॉकवाल्यांशी मी बरीच वर्षं हिरिरीने वाद घातला आहे. लांब पल्ल्याच्या पायवाटेवर रोज संध्याकाळी दोन झाडं शोधत हिंडणारी, ती सापडली की दोऱ्यांशी खेळत बसणारी आणि सकाळी "काय झोप लागली!" असं न विचारता सांगणारी ही मंडळी मला हौशी वाटायची. हॅमॉक म्हणजे गोव्यात दोन माडांच्या मधे, हातात शहाळं. पाठीवर आठवड्याचं सामान घेऊन चालणाऱ्याने तंबूच न्यावा, असं माझं ठाम मत होतं आणि तेही मी न विचारताच सांगत असे.

आज माझ्या सॅकमध्ये बहुतेक वेळा हॅमॉक असतो. हे कसं झालं ते एकदा सरळ सांगून टाकावं म्हणते, कारण हॅमॉकवाले जी कारणं देतात त्यांतल्या बहुतेकांचा माझ्या मतबदलाशी काही संबंध नाही.

आधीच्या मताची मुळं कुठली, तेही सांगायला हवं. पुण्यात ट्रेकिंग शिकलेल्या माणसाची तंबूशी गाठ तशी उशिराच पडते. राजगडावर पद्मावतीच्या देवळात पथारी टाकायची, रतनगडावर नि हरिश्चंद्रगडावर गुहेत. छपराची सोय गडावर आधीपासून असायची. आपण कॅरीमॅट आणि पांघरूण न्यायचं. तंबू भेटला तो हिमालयात, युथ हॉस्टेलच्या सार पास ट्रेकला. नगारूचा मुक्काम झाडांच्या हद्दीच्या वर आहे. तिथे रात्री वारा सुटला, तंबूचं कापड फडफडायला लागलं, आत आम्ही मुली एकमेकींना चिकटून पडलो होतो. त्या कापडाबद्दल तेव्हा जी कृतज्ञता वाटली, ती पुढे कितीतरी वर्षं पुरली. तिथे हॅमॉक नेला असता तरी बांधला कशाला असता? बर्फाला? तंबूला जमीन लागते आणि जमीन काय, सगळीकडे असतेच, हे मी तिथे मनाशी पक्कं करून टाकलं.

मग न्यू जर्सीला राहायला आले आणि अ‍ॅपलाचियन ट्रेलची ओळख झाली. जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत, १४ राज्यांतून जाणारी ही सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट. बेंटन मकाय यांनी १९२१ साली तिची कल्पना मांडली. काही जण ती एका दमात पाच-सहा महिन्यांत चालतात. आमच्यासारखे नोकरदार तुकड्या-तुकड्याने, रजा मिळेल तसे. वाटेची खूण म्हणून झाडांवर पांढरे पट्टे रंगवलेले असतात, आणि झाडांना तोटा नाही. उन्हाळ्यात ही वाट इतक्या दाट पालवीखालून जाते की चालणारे तिला हिरवा बोगदाच म्हणतात. तोटा आहे तो सपाट जागेचा.

पेनसिल्व्हेनियाचा उत्तरेकडचा भाग तर दगडांसाठी बदनाम आहे. दिवसभर उभ्या-आडव्या दगडांवर पाऊल जपून टाकायचं, आणि मुक्कामाला थांबलं की तेच दगड मातीखाली. खुंटी दोन बोटं आत जाते आणि अडते. जरा सरकवून पुन्हा ठोकावी, तर पुन्हा अडते. शेवटी एखाद्या फटीत ती घुसते, पण तोवर तंबूचा कोन बिघडलेला असतो आणि आधीचे ताण सैल पडलेले असतात. थोडा उतार असला तर रात्रभर स्लीपिंग बॅगसकट पायाकडे घसरत जायचं. जिथे जमीन खरोखर सपाट, तिथे तीन भिंतींचं लाकडी शेल्टर असतं आणि आजूबाजूला आपल्याआधी येऊन बसलेले लोक. वर्षानुवर्षं तंबू लागून लागून तिथली माती दगडासारखी घट्ट झालेली, मधे खोलगट. पाऊस आला की पाणी जिरत नाही, बरोबर आपल्या पाठीखाली साचतं.

म्हणून दुपारचे तीन-चार वाजले की माझा हिशोब सुरू व्हायचा. पायांना इथेच थांबायचं असायचं, पण पुढची तंबूजोगी जागा सहा किलोमीटरवर. किंवा उलट: अंगात अजून दोन तासांचं बळ आहे, पण इथली जागा सोडली तर पुढे अंधार पडेपर्यंत काही नाही. चालायचं किती, हे माझे पाय ठरवतच नव्हते.

माझ्या नवऱ्याचा एक मित्र कट्टर हॅमॉकवाला. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भेट झाली की आमचा वाद ठरलेला. एकदा जेवणाच्या रांगेत तो म्हणाला, "वहिनी, तुमचा तंबू म्हणजे बंगला. सपाट प्लॉट मिळाला तरच बांधता येणार."

"आणि तुमचं एखादं झाड रात्री अंगावर आलं म्हणजे?"

"म्हणून आधी वर बघायचं आणि मग बांधायचं. माझा एक जादा पडलाय. नेऊन तर बघा!"

वाद मी काही सोडला नाही. पण पुढच्या खेपेला दगडांत खुंट्या ठोकताना तो 'प्लॉट' सारखा आठवत राहिला, आणि परत आल्यावर त्याचा जादा हॅमॉक मी मागून घेतला.

नवशिक्या माणसाचा हात तो ताणून बांधण्याकडे जातो, माझाही गेला. ताणून बांधला की कडा वर येतात, खांदे आवळले जातात आणि झाडांवरचा ओढाही वाढतो. बांधायचा असतो तो सैल. चार-पाच मीटर अंतरावरची दोन निरोगी झाडं बघायची. साल कापली जाऊ नये म्हणून निदान एक इंच रुंद पट्टे त्यांना गुंडाळायचे. पट्ट्याचा जमिनीशी साधारण तीस अंशांचा कोन, आणि बसल्यावर खुर्चीइतकी उंची. मग आत आडवं व्हायचं ते मधल्या रेषेत नाही, तिरपं: डोकं एका बाजूला, पाय दुसऱ्या. तिरपं झालं की कापड सपाट होतं आणि पाठ जवळजवळ सरळ राहते. सैल बांधल्याने सरळ झोपता येतं हे स्वतः झोपून पाहीपर्यंत मला पटलं नव्हतं.

थंडीने मात्र पहिल्याच रात्री इंगा दाखवला. हवा उन्हाळी होती, तरी पहाटे पाठ गारठली. स्लीपिंग बॅगमधली पिसं अंगाखाली चेपली की त्यांच्यात हवा राहत नाही, आणि ऊब धरून ठेवते ती हवाच. तंबूत खालची मॅट ते काम करते. हॅमॉकमध्ये खालूनही वारा लागतो. त्यासाठी कापडाच्या बाहेरून, न चेपता लटकणारी एक रजई लावावी लागते, तिला अंडरक्विल्ट म्हणतात. ती चांगली घ्यायची तर हॅमॉकपेक्षा महाग पडते, हे हॅमॉकवाले दुसऱ्या भेटीत सांगतात.

आता ज्या कारणांनी माझं मत बदललं नाही, ती. पहिलं वजनाचं. हॅमॉक हलका असतो हे खरं, पण जाळी, पट्टे, वरचं टार्प आणि अंडरक्विल्ट धरलं की माझा सगळा संच दीड किलोच्या घरात जातो. माझा एकटीचा तंबू आणि मॅट मिळूनही तेवढंच. आणि वजनाचाच मुद्दा असेल तर एमा गेटवूड या आजींपुढे सगळ्यांनी गप्प बसावं. १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी त्यांनी ही अख्खी वाट एकटीने चालून पूर्ण केली; जवळ स्वतः शिवलेली थैली होती आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. तंबूही नाही आणि हॅमॉकही नाही.

दुसरं कारण गोचिडांचं. ईशान्येकडच्या राज्यांत त्यांच्यामुळे लाइमचा आजार होतो, तेव्हा जमिनीपासून वर झोपलेलं बरं, असं सांगतात. पण गोचीड चढते ती दिवसा, गवतातून चालताना. संध्याकाळी अंग तपासणं कुणालाच चुकत नाही. अस्वलांचं तसंच. खाणं झाडाला टांगायचं किंवा अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवायचं. तंबूचं कापड काय आणि हॅमॉकचं काय, अस्वलाला दोन्ही सारखीच. राहिली झोप. मला हॅमॉकमध्ये छान लागते. पोटावर झोपायची सवय असलेल्या नवऱ्याला अजिबात लागत नाही. यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

मत बदललं ते थांबण्याच्या जागेमुळे. व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना, जॉर्जिया या राज्यांतल्या राष्ट्रीय वनांत बऱ्याच ठिकाणी वाटेपासून आणि पाण्यापासून योग्य अंतर राखून कुठेही मुक्काम करता येतो. तिथे माझा तीन-चार वाजताचा हिशोब बंदच झाला. उतार असो, मुळं असोत, खाली गुडघाभर दगड असोत, दोन झाडं मिळाली की झालं. अंग थकलं की थांबायचं, ताकद असेल तर पुढे जायचं. न्यू जर्सी, मेरीलँड, कनेटिकटमध्ये ठरवून दिलेल्या जागीच राहावं लागतं, तेव्हा ही मोकळीक नाही. पण तिथेही चांगल्या सपाट जागा संपल्यावर पोचणाऱ्याला कडेच्या उतारावर झाडं उरलेली असतात. या वाटेवर उशिरा पोचणारी मीच असते.

दुसरं, पाऊस. भर पावसात तंबू उभारताना आतला भाग भिजायचा तो भिजतोच, निदान माझा तरी. हॅमॉकचं टार्प आधी ताणायचं. त्याखाली उभं राहून सॅक उघडायची, कोरडे कपडे घालायचे, चूल पेटवायची आणि मग सावकाश बाकीचं बांधायचं. सकाळी उलटा क्रम: सगळं कोरडं सॅकमध्ये गेल्यावर शेवटी फक्त टार्प भिजलेलं काढायचं. आठवडाभर पाऊस लागलेल्या माणसाला याची किंमत कळते.

तिसरं कारण गुडघे. पन्नाशीनंतर दिवसभर उतरण उतरून आल्यावर तंबूत रांगत शिरणं आणि रात्री दोनदा रांगत बाहेर येणं हा वेगळाच व्यायाम आहे. हॅमॉकमधून पाय खाली सोडले की माणूस उभा. हे कारण हॅमॉकवाल्या तरुण मुलांनी मला कधीच सांगितलं नाही. त्यांना ते अजून ठाऊक नाही.

आता जे मला अजूनही खुपतं. झाडं आहेत म्हणजे बांधण्याजोगी झाडं आहेत असं नाही. पूर्वेकडच्या जंगलांत एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाच्या हिरव्या भुंग्याने अ‍ॅशची असंख्य झाडं मारली आहेत. तो अमेरिकेत पहिल्यांदा २००२ साली मिशिगनमध्ये सापडला. हेमलॉकची झाडं वेगळ्याच किडीने वाळत चालली आहेत. अशी झाडं उभीच्या उभी वाळून राहतात. खोड हाताला भक्कम लागतं, वर बघावं तर पालवी नाही, साल सुटलेली. नवऱ्याच्या मित्राचं 'वर बघायचं' हे पाळणं मी कधी सोडलं नाही. त्यापायी चांगली दिसणारी जोडी सोडून पुढे जावं लागतं. म्हणजे हिशोब पुरता संपलेला नाही, त्याचं स्वरूप बदललंय.

शिवाय 'कुठेही' या शब्दाला जंगलाचीही एक बाजू आहे. तंबूवाले तुडवलेल्या जागाच पुन्हा तुडवतात. हॅमॉकवाला हुरळून रानात शिरला की अस्पर्श झुडपं नि रोपं पायाखाली घेतो, आणि त्याच्या मागून दुसरा येतो. ही मोकळीक मिळाली तेव्हा मला जेवढी आवडली, तेवढीच आता जपून वापरावीशी वाटते. आधी मुक्काम झालेल्या जागेच्या कडेलाच जागा शोधते.

आणि काही ठिकाणी हॅमॉकचा उपयोगच नाही. न्यू हॅम्पशरच्या व्हाइट माउंटन्समध्ये वाट लांबवर झाडांच्या हद्दीच्या वरून जाते; तिथे मुक्काम करायला उन्हाळ्यात मनाईच आहे, पण खाली उतरल्यावरही झाडं खुरटी, एकमेकांत घुसलेली. ग्रेट स्मोकी माउंटन्सच्या राष्ट्रीय उद्यानात या वाटेवर बहुतेक शेल्टरमध्येच राहावं लागतं. शिवाय नवरा बरोबर असला की आम्ही तंबूच नेतो. दोन हॅमॉकमधून अंधारात एकमेकांशी ओरडून बोलणं आम्हाला जमलं नाही. दिवसभराच्या गप्पा रात्री तंबूतच होतात. तंबूत बसून कपडे बदलता येतात, हेही बाईमाणसाला क्षुल्लक नाही.

तेव्हा तंबू सोडला असं मी म्हणणार नाही, आणि नगारूच्या वाऱ्यात बनलेलं मत चुकीचं होतं असंही नाही. ते त्या उघड्या डोंगराचं मत होतं. मी ते बरोबर घेऊन दाट झाडीत चालत राहिले आणि त्याला अनुभव म्हणत राहिले. तंबू चांगला की हॅमॉक, या वादात आम्ही दोघंही झोपेबद्दल, वजनाबद्दल, हौशीबद्दल बोलत होतो. पायाखाली काय आहे आणि डोक्यावर काय आहे, याबद्दल कुणीच बोलत नव्हतं.

गेल्या महिन्यात भाचीचा पुण्याहून फोन आला. "मावशी, तंबू घेऊ की हॅमॉक?"

"जाणार कुठे आहेस?"

"रतनगड ते हरिश्चंद्रगड. मग जमलं तर हिमाचल."

"मग तंबू घे. बरोबर कोण आहे?"

"मैत्रीण."

"दोघींचा घे. आणि विकत घेण्याआधी कुणाचा तरी मागून ने."

ती जरा हिरमुसली. मावशी हॅमॉकची शिफारस करणार, अशा अपेक्षेने तिने एक बघूनही ठेवला होता. मी तिला म्हटलं, पैसे राहू देत. इकडे आलीस की माझा वापर, आणि पहिल्या रात्री अंडरक्विल्ट विसरू नकोस.